कापलेल्या लहरीचा सूर

1एन4148 हा डायोड एकदा हातात घेऊन बघा. काचेची जेमतेम चार मिलिमीटर लांब नळी, दोन्हीकडे तारेचे पाय, एका टोकाला काळा पट्टा. नागपूरला सीताबर्डीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर रुपया-दोन रुपयांत मिळतो. बंद पडलेल्या एखाद्या यंत्राच्या पीसीबीवरून फुकटही काढता येतो. असे दोन डायोड एकमेकांना उलटे जोडून गिटारच्या आवाजाच्या वाटेत बसवले की तीच गिटार गुरगुरायला लागते. रॉक संगीतातला तो दाटलेला, फाटलेला, लांबत जाणारा आवाज इथून येतो. पायाने दाबायच्या ज्या धातूच्या डब्यांत ही करामत असते त्यांना पेडल म्हणतात. बाजारात चांगल्या पेडलला काही हजार रुपये पडतात. घरी बनवायला लागतात मूठभर सुटे भाग, एक सोल्डरिंग आयर्न आणि एखादी मोकळी संध्याकाळ.

या डब्यात नेमकं काय घडतं हे समजून घ्यायला चंद्रपूरसारखं दुसरं गाव महाराष्ट्रात नाही, असं माझं ठाम मत आहे. जी गोष्ट तळहातावर मावणाऱ्या पेटीत घडते, तीच इथे उंच कुंपणाआडच्या भल्यामोठ्या आवारातही घडते. पण आधी तार छेडू.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच, आणि चंद्रपूरशेजारच्या दुर्गापूरच्या औष्णिक केंद्रातली जनित्रंही याच तत्त्वावर फिरतात. तिथे दगडी कोळसा जाळून चुंबक फिरवावा लागतो, इथे बोटाचा एक झटका पुरतो. गिटारमधून बाहेर पडणारा विजेचा दाब व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. कमी आहे, पण त्यात तारेच्या थरथरीचा तपशील शाबूत असतो.

हा इवलासा दाब ट्रान्झिस्टरने मोठा करायचा आणि मग डायोडच्या जोडीसमोर आणायचा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, तीही लगेच नाही. सिलिकॉनच्या डायोडवर साधारण 0.6 व्होल्टचा दाब आल्याशिवाय तो वाट उघडत नाही. एकदा उघडली की वरचा सगळा दाब जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे, निघून जातो. धानाच्या बांधीत पाणी धुऱ्याच्या उंचीपर्यंतच चढतं आणि पुढचं वाहून जातं, तसा लहरीचा शेंडा त्या उंचीवर सपाट होतो. एक डायोड वरचा शेंडा कापतो, उलटा लावलेला दुसरा खालचा. गोल, डौलदार लहर आत गेली आणि चौकोनी खांद्यांची लहर बाहेर आली. एवढंच घडतं. पण कानाला जे ऐकू येतं ते या ‘एवढंच’मध्ये मावत नाही.

कारण लहर कापली की त्यात आधी नसलेले सूर जन्माला येतात. ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याचकडे बघत राहिलो होतो. काही घातलं नाही, उलट कापून टाकलं, तरी सूर वाढले! याचं उत्तर जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने 1822 साली उष्णतेवरच्या ग्रंथात देऊन ठेवलं आहे. पुन्हा पुन्हा तशीच येणारी कोणतीही लहर ही साध्या, गोल लहरींची बेरीज असते. सपाट शेंड्याची लहर बांधायची तर मूळ लहरीत तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाच्या लहरी मिसळाव्याच लागतात. दोन्ही शेंडे सारखेच कापले तर विषम पटी मिळतात. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावून काप असमान केला, तर दुप्पट आणि चौपटही येतात आणि आवाज थोडा मऊ, भरदार होतो.

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला 110 वेळा थरथरते. तिला षड्ज मानू. तिप्पट म्हणजे 330, तो वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे 550, तो आणखी वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. सातपट म्हणजे 770, तो पेटीच्या कोमल निषादापेक्षा किंचित उतरलेला निषाद. छेडलेल्या तारेत हे सूर थोडेफार असतातच. डायोड त्यांना पुढे आणून बसवतो. तारेचा जोर ओसरत गेला तरी लहर पुन्हा त्याच उंचीवर कापली जात असल्यामुळे स्वर लांब टिकतो.

तानपुऱ्यासमोर बसलेल्या माणसाला यात ओळखीचं काही वाटेल. न छेडलेला गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो, तो जवारीमुळे. मिरजेचे सतारमेकर घोडीचा पृष्ठभाग इतक्या बारकाईने घासतात की थरथरणारी तार प्रत्येक फेरीत त्याला टेकत-सुटत राहते. तिच्या मोकळ्या झोक्याला तिथे आवर बसतो आणि सूर फुलतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलेल्या टिपणात दाखवलं होतं, की तार कुठे छेडली की कोणते उपस्वर गप्प राहणार याचा युरोपात मान्य असलेला नियम तानपुरा आणि वीणा पाळतच नाहीत. जवारीची घोडी आणि काळ्या पट्ट्याचा डायोड यांना मी एकाच घराण्यातले मानतो. दोघेही सरळ चाललेल्या लहरीला आडवे जातात.

पाश्चात्त्यांच्या हाती ही गोष्ट अपघाताने लागली. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना कन्सोलमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार फाटक्या आवाजात उमटली. तो आवाज तसाच ठेवला गेला आणि 1961 साली गाणं गाजलं. मग तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला आणि 1962 साली माएस्ट्रो फझ-टोन नावाचं पेडल बाजारात आलं. 1965 साली कीथ रिचर्ड्सने ते रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये वापरलं आणि पुढे जगभर या आवाजाची ओढ लागली. आज मुंबईतून ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखा उद्योग अशी पेडलं बनवतो.

आता कुंपणाआडच्या त्या आवाराकडे वळू. चंद्रपूरला लागून असलेलं दुर्गापूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. वीज इथे तयार होते आणि तिची भूक आहे पश्चिमेला, मुंबईकडे. इतक्या लांब ए.सी., म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज नेण्यापेक्षा डी.सी., म्हणजे एकाच दिशेची वीज नेणं परवडतं, म्हणून 1999 साली चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी 752 किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. दाब अधिक-उणे 500 किलोव्होल्ट, क्षमता 1500 मेगावॅट. ए.सी.ची डी.सी. करायची तर वीज एकाच दिशेने जाऊ देणारं काहीतरी हवं. तिथे थायरिस्टर असतात. थायरिस्टर म्हणजे कधी उघडायचं ते बाहेरून सांगता येणारा डायोड. असे कितीतरी थायरिस्टर एकावर एक रचून त्यांचे मनोरे उभे केलेले असतात. त्याच जिल्ह्यात भद्रावतीला 1997-98 मध्ये आणखी एक केंद्र उभं राहिलं. तिथे ए.सी.ची डी.सी. आणि लगेच तिची पुन्हा ए.सी. होते, एकाच आवारात. पश्चिमेचं आणि दक्षिणेचं वीजजाळं दोन्ही 50 हर्ट्झची, पण पावलं जुळलेली नसायची, म्हणून मध्ये हा दुवा लागला. ती पावलं 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीवर जुळली.

थायरिस्टर लहरीला आडवे गेले की पेडलमध्ये होतं तेच इथे होतं. नवे सूर जन्मतात. अशा केंद्राची जोडणी बारा टप्प्यांची असते. त्यामुळे बरेच उपस्वर एकमेकांना खाऊन टाकतात, पण अकरापट आणि तेरापट उरतात. 50 ची अकरापट किती? 550 हर्ट्झ. वर पाचव्या तारेचा षड्ज धरून डायोडने जो गंधार काढला, त्याचीही कंपनसंख्या 550 होती. गिटारवाल्याला तो हवा असतो. वीजवाल्याला तो नको असतो, कारण तो जाळ्यात शिरला तर रोहित्रं तापतात आणि दूरध्वनीच्या तारांत गुणगुण घुसते. म्हणून आवारात कॉइल आणि कंडेन्सरच्या रांगा उभ्या करून नेमका तोच सूर गाळून घ्यावा लागतो.

पेडलमध्येही गाळणी असते, टोनच्या खटक्यामागे. एक किलो-ओहमचा रेझिस्टन्स आणि 0.22 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला तर साधारण 720 हर्ट्झच्या वरचे सूर उतरायला लागतात. कंडेन्सर मोठा घेतला की आवाज आणखी मवाळ. वीजकेंद्रातल्या अभियंत्याची आकडेमोड आणि घरी पेडल बनवणाऱ्या मुलाची आकडेमोड यांत फक्त शून्यांचा फरक आहे. केंद्राजवळच्या ऊर्जानगरच्या रस्त्यावरून जाताना डोक्यावर वीजवाहिनीच्या जाड तारा दिसल्या की मला हे हटकून आठवतं.

याच विजेची एक खूण पुष्कळ इलेक्ट्रिक गिटारमध्ये ऐकू येते. साध्या पिकअपचे हजारो वेढे घरातल्या वायरिंगमधूनही वीज उचलतात आणि ॲम्प्लिफायरमध्ये घूं असा आवाज बसतो. त्यात 50 हर्ट्झ असतो आणि बहुतेक वेळा त्याची दुप्पट, 100 हर्ट्झही असतो. जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवा. तो स्वर 98 हर्ट्झचा आहे. पेडल चालू असेल तर स्वर आणि घूं मिळून सेकंदाला सुमारे दोनदा डोलताना ऐकू येतील, कारण 100 आणि 98 मधला फरक दोनचा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे तिथला घूं या स्वराच्या जवळपास नसतो. म्हणजे जाड तारेवरचा हा डोल आपल्याकडचा आहे, आणि तो ऐकणारा माणूस महाराष्ट्राच्या वीजजाळ्याची कंपनसंख्या कानाने मोजत असतो. पेडलला धातूचाच डबा का लागतो, हेही इथे उलगडतं. डबा अर्थला जोडला की बाहेरचा घूं बराचसा त्याच्या भिंतींवरच थांबतो. स्वयंपाकघरातला झाकणाचा ॲल्युमिनियम डबा चालतो. प्लॅस्टिकचा चालत नाही.

पहिलं पेडल म्हणून मी नवशिक्यांना ‘बॅझ फस’ हे सर्किट सुचवतो. एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, एक रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर, आवाज कमी-जास्त करायचा पॉट आणि 9 व्होल्टची बॅटरी. बीसी547 ट्रान्झिस्टर प्रत्येक रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या डबीत असतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (परदेशी आकृतीत 2एन3904 दिलेला असतो आणि त्याचे पाय नेमके उलट क्रमाने येतात. पुष्कळांची पहिली संध्याकाळ इथेच अडते.) एमिटर अर्थला. कलेक्टर 10 किलो-ओहममधून बॅटरीच्या अधिक टोकाला. डायोड कलेक्टर आणि बेसच्या मध्ये, काळा पट्टा बेसकडे. गिटार 4.7 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून बेसवर येते आणि आवाज कलेक्टरवरून 0.1 मायक्रोफॅरडमधून 100 किलो-ओहमच्या पॉटवर जातो. झालं पेडल. एकच डायोड इथे दोन कामं करतो, ट्रान्झिस्टरला बसायला जागा देतो आणि लहरही कापतो. इतक्या थोडक्यात इतकं साधणारं सर्किट मला दुसरं माहीत नाही.

हे पेडल एक मिलिॲम्पियरहून कमी वीज खातं, म्हणजे एका बॅटरीवर शेकडो तास चालतं. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात लाइट गेली तरी त्याला फरक पडत नाही. बॅटरी वाचवायची युक्ती तर अफलातून आहे. आत येणारा जॅक स्टिरिओ घेतात आणि बॅटरीचं उणे टोक त्याच्या मधल्या कडीला जोडतात. गिटारची पिन मोनो असते. ती खुपसली की तिचा लांब धातूचा दांडा मधली कडी आणि अर्थ यांना एकत्र आणतो आणि पेडल चालू होतं. पिन काढली की बंद. वेगळं बटण लागतच नाही.

सोल्डरिंगचं सांगायचं तर, कथिल-शिशाची 63/37 तार 183 अंशांना वितळते आणि तिच्या पोटातली राळ तांब्यावरचा गंज खाऊन वाट मोकळी करते. आयर्न सोल्डरला नव्हे, जोडाला टेकवायचं. पाय आणि तांबं दोन्ही तापले की सोल्डर आपणहून धावतं आणि चकाकत बसतं. गोळा मळकट आणि फुगीर दिसला तर तो ड्राय सोल्डर. असा जोड आज वाजेल आणि उद्या दगा देईल. खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका.

यानंतरची पायरी जर्मेनियमची, आणि इथे जुन्या रेडिओंना हात घालावा लागतो. सिलिकॉनच्या आधी ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियम 0.6 नव्हे, साधारण 0.3 व्होल्टलाच उघडायला लागतं, तेही हळूहळू. त्यामुळे लहरीचा शेंडा करवतीने कापल्यासारखा होत नाही, त्याच्या कडा गोल राहतात. 1966 साली लंडनमध्ये आलेलं आणि जिमी हेंड्रिक्सने अजरामर केलेलं फझ फेस पेडल दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन पॉट एवढ्यावरच उभं होतं. त्यात वापरला गेलेला एक ट्रान्झिस्टर होता एसी128. हाच एसी128 बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीही बनवत असे, आणि तो आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत स्पीकर हलवायच्या कामावर असायचा. ज्या रेडिओवर घरोघरी नागपूर केंद्र लागायचं, त्याच्या पोटात हेंड्रिक्सच्या जातीचा ट्रान्झिस्टर होता. साधं धातूचं टोपण आणि तीन पाय. माळ्यावरचा बंद रेडिओ भंगारात देण्याआधी मागचं झाकण जरूर उघडून बघा.

पण जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाही. बंद असतानाही त्यातून थोडी वीज पाझरते आणि तापमान दहा अंशांनी चढलं की हा पाझर साधारण दुप्पट होतो. जानेवारीच्या पहाटे 12 अंश आणि मेमधल्या दुपारी 46 अंश, असं हे चंद्रपूर. 34 अंशांचा फरक म्हणजे पाझर दसपट. हिवाळ्यात गोड गाणारं पेडल मे महिन्यात घसा बसल्यासारखं तुटक बोलायला लागतं. लंडनच्या हवेत ज्यांनी हे सर्किट आखलं त्यांच्यासमोर हा प्रश्न या प्रमाणात आलाच नसेल. उपाय आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ठरावीक रेझिस्टन्स काढून तिथे बारीक स्क्रूने फिरणारा प्रीसेट बसवायचा आणि ऋतू बदलला की मल्टिमीटर लावून कलेक्टरवर साधारण 4.5 व्होल्ट येईपर्यंत तो फिरवायचा.

या मुलखातली संगीताची हक्काची जागा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. धान कापून झालं, मंडई आणि शंकरपटांचे दिवस आले की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली गावं नाटकं ठरवायला वडशाला जातात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मंचासमोर पेटी-तबल्याच्या शेजारी आता ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असतो, आणि माइकला इको. मांडवातल्या माइकचा हा इको स्वस्त मिक्सरमध्ये पुष्कळदा पीटी2399 नावाच्या तैवानी चिपमधून येतो. ती मुळात कॅराओकेसाठी बनली. आणि घरी पेडल बनवणारे जगभरचे लोक डिले पेडलसाठी तीच चिप वापरतात.

तिची स्मृती फक्त 44 किलोबिट, म्हणजे साडेपाच किलोबाइट. तेवढ्यात ती सुमारे 340 मिलिसेकंदांचा आवाज धरून ठेवते. तेवढ्या वेळात हवेतला आवाज 115 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पन्नास-साठ मीटरवरच्या कड्याला आपटून परत यावा तेवढा. जंगलात असा कडा शोधत हिंडावं लागेल. इथे सोळा पायांची एक चिप तो कडा उभा करते, आणि पॉट फिरवला की तो मागेपुढे सरकवताही येतो. वेळ लांबवला की चिपचं घड्याळ मंदावतं आणि आवाज खरखरीत होत जातो. पुष्कळांना ती खरखरच आवडते, मलाही. परत आलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हा आत सोडला तर एका इकोचे अनेक होतात. तो भाग फार वाढवला तर चिप स्वतःच गायला लागते, आणि मांडवात साउंडवाला जिच्या धास्तीने बटणावर हात ठेवून बसतो ती किंचाळी पेडलमध्ये मुद्दाम बोलावता येते.

बांधायला घ्याल तर एक लक्षात ठेवा. इकोचा वेळ सहाव्या पायावरचा पॉट ठरवतो आणि त्याला 50 किलो-ओहमचा पॉट बरा. पण चालू होताना त्या पायावर फारच कमी ओहम असले तर चिप अडकते आणि मुकी बसते. म्हणून पॉटच्या रांगेत एक-दोन किलो-ओहमचा रेझिस्टन्स कायमचा घालून ठेवा. चिपला 5 व्होल्टच द्यायचे, 9 नाहीत. त्यासाठी बॅटरी आणि चिपच्या मध्ये 78एल05 हा तीन पायांचा रेग्युलेटर लागतो, तोही त्याच दुकानात मिळतो.